बिंदूचा अन्वय : सय्यद हैदर रझा यांच्या चित्रांतील वर्तुळ आणि पुनरावर्तन

संस्कृत काव्यशास्त्राने पुनरुक्ती हा दोष मानला, पण त्याच शास्त्राने त्याचे अपवादही तितक्याच काटेकोरपणे नोंदवून ठेवले आहेत. मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’च्या सातव्या उल्लासात एकच पद निष्कारण दुसऱ्यांदा येणे हा ‘कथितपद’ नावाचा वाक्यदोष सांगितला आहे; आणि तोच दोष तीन ठिकाणी गुण ठरतो, असेही पुढे म्हटले आहे. लाटानुप्रासात शब्द तोच असतो, अर्थही तोच असतो. मात्र अन्वय बदलल्यामुळे तात्पर्य बदलते. अर्थांतरसंक्रमितवाच्य ध्वनीत दुसऱ्यांदा आलेला शब्द आपला कोशातला अर्थ ओलांडून जातो. तिसरे स्थळ अलंकारापेक्षा वाक्यरचनेशी अधिक निगडित आहे. आधीच्या वाक्यात ज्याचे विधान केले, त्याचाच पुढच्या वाक्यात अनुवाद करून त्याच्याविषयी काही नवे सांगावयाचे असेल, तर तोच शब्द पुन्हा यावा लागतो. तेथे पर्यायी शब्द योजला तर विचाराची साखळीच तुटते. पहिल्या वाक्यातले विधेय दुसऱ्या वाक्यातले उद्देश्य होते, आणि म्हणून ती द्विरुक्ती सार्थ ठरते.

शब्दकलेसाठी केलेले हे विवेचन सय्यद हैदर रझा (१९२२–२०१६) या चित्रकाराचा विचार करताना वारंवार आठवते. आयुष्याची सुमारे पस्तीस वर्षे रझा यांनी प्रामुख्याने एका वर्तुळाभोवती चित्रे काढली. त्याला त्यांनी ‘बिंदू’ म्हटले. त्यांच्या चाहत्यांनी या पुनरावर्तनात साधना पाहिली, विरोधकांनी साचा पाहिला. आणि दोन्ही पक्षांनी बहुतेक वेळा वर्तुळाकडेच पाहिले. वर्तुळ प्रत्येक चित्रात कोणत्या संबंधात उभे आहे, ते तेथे सिद्ध झाले आहे की गृहीत धरले आहे, हा प्रश्न त्या मानाने कमी विचारला गेला. रझा यांच्या उत्तरकालीन कलेचे मूल्यमापन त्या प्रश्नापाशीच करावे लागते.

रझा यांचा जन्म आजच्या मध्य प्रदेशातील मंडला जिल्ह्यात, बाबरिया या गावी झाला. वडील वनखात्यात होते. घनदाट अरण्य, गोंडांची वस्ती, नर्मदेचा परिसर आणि रात्रीच्या अंधाराचे भय हे त्यांच्या बालपणाचे अनुभवविश्व. काकैया येथील प्राथमिक शाळेत नंदलाल झारिया या शिक्षकांनी या चंचल मुलाला भिंतीवर एक ठिपका काढून दिला आणि त्याच्याकडे एकाग्रपणे पाहत बसायला सांगितले, ही कथा स्वतः रझा यांनी अनेकदा सांगितली आहे. त्यांच्यावरील बहुतेक लेखनात तीच बिंदूची उगमकथा म्हणून येते. (मंडला नर्मदेच्या तीरावर आहे, तेव्हा परिक्रमेच्या वर्तुळाशीही या चित्रांचा दुवा जोडावा असा मोह मराठी वाचकाला होणे स्वाभाविक आहे. समीक्षकाने तो आवरलेला बरा.)

या कथेत दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. एक म्हणजे, त्या भिंतीवरच्या ठिपक्याला काहीही अर्थ नव्हता. तो शून्याचे, बीजाचे किंवा ब्रह्मांडाचे प्रतीक म्हणून काढलेला नव्हता. भटकणारी नजर एका जागी थांबावी एवढेच त्याचे प्रयोजन होते. तो पाहण्याचा विषय नसून पाहण्याचा अभ्यास होता. दुसरी गोष्ट कालगणनेची आहे. ही घटना १९३० च्या आसपासची; बिंदू रझा यांच्या चित्रांच्या केंद्रस्थानी आला तो १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात. मधल्या चार-साडेचार दशकांत हा चित्रकार वेगळ्याच प्रश्नांशी झुंजत होता. म्हणून ठिपक्याने चित्रे घडवली असे म्हणण्यापेक्षा, चित्रांनी मागे वळून तो ठिपका शोधून काढला असे म्हणणे अधिक वस्तुनिष्ठ होईल. कलावंताच्या आठवणी त्याच्या कलेचे कारण असतात तशा पुष्कळदा तिचे फलितही असतात. आत्मचरित्रांचा अभ्यास करणाऱ्यांना हे नव्याने सांगावयास नको.

मधली ही दशके ओलांडून एकदम बिंदूपाशी येण्याची घाई रझा यांच्यावरील भाविक लेखनात सर्वत्र दिसते. वस्तुतः वर्तुळाला जे बळ आले ते याच काळात कमावलेले आहे. नागपूरच्या कलाशाळेत १९३९ ते १९४३ आणि नंतर मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत त्यांचे शिक्षण झाले. १९४७ मध्ये सूझा, आरा, हुसेन, बाकरे आणि गाडे यांच्यासह ते प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचे संस्थापक-सदस्य झाले. १९४८ मध्ये काश्मीरमध्ये फ्रेंच छायाचित्रकार हेन्री कार्तिए-ब्रेसाँ यांनी त्यांची निसर्गचित्रे पाहिली. चित्रांत गुण आहेत पण रचना नाही, सेझान अभ्यासा, असा त्यांचा अभिप्राय होता. रझा यांनी तो शब्दशः मनावर घेतला. १९५० मध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पॅरिसला गेले आणि पुढची साठ वर्षे त्यांचे वास्तव्य मुख्यतः फ्रान्समध्येच राहिले. दरम्यान देशाची फाळणी झाली, भावंडे पाकिस्तानात गेली. रझा यांनी आपले भारतीयत्व सोडले नाही. त्यांच्या चित्रांतील ‘भूमी’ या विषयामागे ही पार्श्वभूमी आहे, आणि तिचा उच्चार त्यांनी कधी मोठ्याने केला नाही.

१९५० च्या दशकाच्या आरंभीच्या फ्रेंच गावांच्या त्यांच्या चित्रांत घरे भूमितीच्या शिस्तीत उभी राहतात, आणि काही चित्रांत त्यांच्यावर एक काळा सूर्य असतो. येथे वर्तुळ प्रथम दिसते, पण ते निसर्गातली एक वस्तू म्हणून. आकाशात सूर्य असतो म्हणून. १९५६ मध्ये त्यांना फ्रान्समधील ‘समीक्षकांचा पुरस्कार’ मिळाला, आणि तो मिळवणारे ते पहिले अ-फ्रेंच चित्रकार ठरले. पुढे जाड रंगलेपांची निसर्गचित्रे आली. १९६२ मधील बर्कलेच्या अध्यापनकाळात रॉथ्को यांची चित्रे पाहावयास मिळाली. घरे, झाडे आणि क्षितिज हळूहळू विरघळले. १९७० च्या दशकातील ‘तपोवन’ (१९७२) आणि ‘ला तेर’ या शीर्षकाची चित्रे पाहिली म्हणजे कळते की रझा यांना अरण्यातली रात्र पुन्हा सापडली आहे, पण तिला धरून ठेवील असा घाट अजून सापडलेला नाही. तांबडा, पिवळा, काळा हे रंग ज्वाळांसारखे कॅनव्हासभर धावतात. उत्कटता विपुल आहे; ती कोठे थांबावी, हे मात्र चित्राला ठाऊक नाही.

या टप्प्यावर बिंदू आला. तो कल्पना म्हणून आला असता तर कदाचित एखाद्या तंत्रग्रंथातील आकृतीची नक्कल होऊन राहिला असता. तो एका रचनेच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून आला, हे त्याचे भाग्य. अजिंठा-वेरूळ, बनारस, गुजरात, राजस्थान येथील भेटींतून आणि राजपूत लघुचित्रांच्या अभ्यासातून रझा यांनी चौकटींत विभागलेला अवकाश आणि हाशियाची शिस्त घेतली. ‘माँ’ (१९८१) हे चित्र या संक्रमणाची साक्ष आहे. त्यात मोठे काळे वर्तुळ आहे. त्याच्या सोबतीला पूर्वीच्या निसर्गचित्रांतले अस्वस्थ, फटकाऱ्यांचे रंग चौकटींत बसवलेले आहेत. आणि अशोक वाजपेयी यांच्या कवितेतील, परतून येणाऱ्या मुलाने आईला केलेल्या प्रश्नाची एक ओळ देवनागरीत लिहिलेली आहे. तीन वेगवेगळ्या जातींचे घटक एकमेकांशेजारी ठेवलेले आहेत आणि त्यांची संगती लावण्याचे काम वर्तुळाकडे दिलेले आहे. ते काम सोपे नाही. काळे वर्तुळ चौकटींना स्वस्थ बसू देत नाही, आणि चौकटी वर्तुळाला एकटे पडू देत नाहीत.

मर्ढेकरांच्या परिभाषेत सांगावयाचे तर येथे संवादलय, विरोधलय आणि समतोललय ही तिन्ही तत्त्वे एकाच वेळी कार्यरत आहेत. मर्ढेकरांचा लयसिद्धांत साहित्यापेक्षा चित्रकलेला आणि संगीताला अधिक सहज लागू पडतो, हा त्याच्यावरचा जुना आक्षेप. पण ‘माँ’सारख्या चित्रापुढे तो आक्षेप गुणासारखा वाटू लागतो. विरोधलय काढून घेतली तर उरते ते सुबक नक्षीकाम. पुढे बिंदूचे काय झाले ते समजण्यासाठी एवढी खूणगाठ पुरेशी आहे.

‘सौराष्ट्र’ (१९८३) हे दोन मीटर चौरस आकाराचे चित्र म्हणजे या शोधाचे शिखर. त्यातील बिंदू चित्राचा स्वामी नाही. तो अनेक चौकटींपैकी एकीत राहतो, आणि इतर चौकटींत मातीचे, उन्हाचे, वस्त्रांचे तप्त रंग आपापल्या परीने बोलत राहतात. नजर चित्रभर हिंडते, थकते आणि बिंदूपाशी येऊन विसावते, पुन्हा निघते. मंडल्याच्या शाळेतला तो अर्थहीन ठिपका येथे खऱ्या अर्थाने कामाला लागला आहे. मम्मटाच्या परिभाषेत, ‘माँ’ आणि ‘सौराष्ट्र’ या दोन्ही चित्रांत बिंदू हे विधेय आहे. चित्र सुरू होते तेव्हा तो मिळालेला नसतो. चित्राच्या धडपडीतून तो हाती लागतो.

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून परिस्थिती बदलते. आता बिंदू आधीच मिळालेला आहे. ‘जर्मिनेशन’, ‘सूर्यनमस्कार’, ‘पंचतत्त्व’, ‘प्रकृती-पुरुष’, ‘बीज’ अशा शीर्षकांची चित्रे येतात. समकेंद्री वर्तुळे, वरखाली टोके असलेले त्रिकोण, नागाकृती वेटोळी असा एक ठराविक शब्दसंग्रह तयार होतो. विधेय होते ते उद्देश्य झाले. यात स्वतःहून काही वावगे नाही. प्रश्न एवढाच, की त्या उद्देश्याविषयी प्रत्येक चित्र नवे काही सांगते काय? ‘गेस्टेशन’ (१९८९) निश्चितपणे सांगते. तेथे वर्तुळाभोवतीचे त्रिकोण आणि पट्टे रंगांच्या क्रमाने असे रचले आहेत की केंद्रातला काळोख भरत चालला आहे असे वाटते. स्थिर भूमितीतून काळाची जाणीव निर्माण होते. बिंदू तोच, पण अन्वय नवा. परंतु पुढल्या दोन दशकांतील कित्येक चित्रांविषयी असे म्हणता येत नाही. वर्तुळ मधोमध बसते, भोवती पंचमहाभूतांचे पाच रंग आपापल्या जागी येतात, आणि शीर्षक उरलेले काम करते. चित्र पाहण्याऐवजी वाचले जाते. आणि जे वाचले जाते ते प्रेक्षकाला आधीच पाठ असते.

या पुनरावर्तनाची तुलना रझा नामजपाशी करीत. तीच त्यांची सर्वांत समर्थ बाजू मानली जाते, आणि मराठी वाचकाला ती लगेच पटण्याजोगी आहे. जात्यावर रोज तोच फेरा घेत नवी ओवी गाणाऱ्या स्त्रिया, प्रत्येक कडव्यानंतर पालुपदाकडे वळणारा अभंग, विलंबित ख्यालात आवर्तनामागून आवर्तन समेवर येणारा गायक, ही उदाहरणे मराठी मनाला शिकवावी लागत नाहीत. तरीही जपाचा दाखला येथे पुरा पडत नाही. जप हा जप करणाऱ्यासाठी असतो. त्याचे काहीही मागे उरत नाही, आणि उरू नये अशीच त्याची अट असते. चित्र मागे उरते. ते भिंतीवर टांगले जाते, विकले जाते, दुसऱ्या कोणाच्या नजरेसमोर येते. त्या नजरेला चित्रकाराची चित्तशुद्धी मिळत नाही, फक्त चित्र मिळते. तुकोबांनी नामजप अखंड केला असेल. पण त्यांचा गाथा म्हणजे जप नव्हे. सुमारे साडेचार हजार अभंगांत विठ्ठलाचे तेच रूप पुन्हा पुन्हा येते, आणि दर खेपेला त्या रूपापुढे उभा असलेला माणूस निराळा असतो. कधी तो लडिवाळपणे बोलतो, कधी भांडतो, कधी हिशोब मागतो, कधी पार खचलेला असतो. विटेवरची मूर्ती बदलत नाही, अन्वय बदलतो. भक्ताचा जप आणि कवीचे पुनरुच्चारण यांतील हा भेद रझा यांच्या समर्थकांनी पुसून टाकला, आणि त्यामुळे त्यांच्या चांगल्या व सामान्य चित्रांत निवड करण्याचे साधनच समीक्षेच्या हातून गेले.

बाजाराने हे पुसण्याचे काम अधिक सोपे केले. ‘सौराष्ट्र’ २०१० मध्ये लंडनच्या लिलावात १६ कोटी रुपयांहून अधिक किमतीला, आणि ‘गेस्टेशन’ २०२३ मध्ये मुंबईत ५१ कोटींहून अधिक किमतीला विकले गेले. योगायोगाने ही दोन्ही चित्रे उत्तम आहेत, हे मान्य करावयास हवे. पण वर्तुळ ही एकदा ओळखीची मुद्रा झाली की मागणी मुद्रेला येते, चित्राला नव्हे. सगळा दोष मागणीवर टाकणे मात्र न्याय्य होणार नाही. रझा यांच्यासारखा मनस्वी कलावंत बाजारासाठी वर्तुळे काढीत होता असे त्यांच्या आयुष्याकडे पाहून वाटत नाही. स्वतःच्या प्रतीकावर त्यांची श्रद्धा होती, आणि श्रद्धा कलेला कित्येकदा बाजारापेक्षा अधिक निर्धास्त करते.

पुनरावर्तनाच्या इतर वाटाही शक्य होत्या. जोसेफ आल्बर्स यांनी १९५० पासून १९७६ मधील आपल्या मृत्यूपर्यंत एकात एक बसवलेल्या चौरसांची हजाराहून अधिक चित्रे केली. कोणते रंग वापरले याची नोंद ते चित्राच्या पाठीमागे करून ठेवीत, आणि चौरसाला कसलाही गूढार्थ चिकटू देत नसत. तेथे आकार मुद्दाम मुका ठेवलेला आहे, म्हणून शेजारच्या रंगामुळे रंग कसा बदलतो हे दिसते. दुसरे उदाहरण घरचे आहे. प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) १९६० च्या दशकाच्या आरंभी वाराणसीच्या विणकर सेवा केंद्रात होते, आणि तंत्रकलेचा प्रभाव त्यांच्याही चित्रांवर उमटला. त्यांनी ती प्रतीके पुढे मागे टाकली आणि पान, घड्याळ, सेफ्टी पिन यांसारख्या साध्या वस्तूंकडे ते वळले. ‘कोरा कॅनव्हास’ (१९९०) या त्यांच्या पुस्तकात आकार आणि वस्तू यांचे नाते ज्या चिकाटीने तपासले आहे, ती चिकाटी प्रतीकाची खात्री पटलेल्या कलावंताकडे सहसा उरत नाही. बरवे मोठे की रझा, हा वाद येथे निरर्थक आहे. बरवे यांच्यापाशी रझा यांची रंगदृष्टी नव्हती. रझा यांच्यापाशी बरवे यांचा संशय नव्हता, आणि नव्वदच्या दशकात त्यांच्या वर्तुळाला त्याच संशयाची गरज होती.

रझा यांच्या चित्रांतील शब्दांचा विचार साहित्याच्या अभ्यासकांनी स्वतंत्रपणे करावयास हवा. कॅनव्हासवर हिंदी ओळी देवनागरीत लिहिण्याची त्यांची सवय केवळ शोभेची नव्हती. फ्रेंच भाषेत संसार करणाऱ्या आणि पॅरिसमध्ये प्रतिष्ठा मिळवलेल्या माणसाने बालपणीच्या शाळेतली लिपी चित्रात आणावी, यात स्वदेशाशी सांधा जुळवण्याची निकड आहे. जेथे ओळ चित्राला प्रश्न विचारते, तेथे ती बिंदूला जड होऊ देत नाही. ‘माँ’ हे त्याचे उदाहरण. जेथे ती सूत्रासारखी उत्तर देते, तेथे चित्राला करण्यासारखे काही उरत नाही.

पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात २०२३ मध्ये रझा यांचे मोठे सिंहावलोकनात्मक प्रदर्शन भरले. काळ्या सूर्याच्या गावांपासून बिंदूपर्यंतचा प्रवास सलगपणे पाहण्याची संधी त्यामुळे मिळाली, आणि एक गोष्ट स्पष्ट झाली : उत्तरकाळातील सामान्य चित्रेसुद्धा एकटी पाहिली तर जितकी रिकामी वाटतात, तितकी मालिकेत वाटत नाहीत. आवर्तनात समेचे मूल्य एकट्या मात्रेत नसते. पण चित्रे बहुधा एकेकटीच घरोघर जातात.

२०१० च्या अखेरीस रझा कायमचे भारतात परतले, दिल्लीत राहिले आणि शक्ती असेतो काम करीत राहिले. २३ जुलै २०१६ रोजी त्यांचे निधन झाले. इच्छेनुसार मंडला येथे वडिलांच्या कबरीशेजारी त्यांचे दफन झाले. या शेवटच्या वर्षांतील चित्रांकडे, हात थकल्याची चिन्हे म्हणून, अनेकांनी दुर्लक्ष केले आहे. रंग फिके झाले, पांढऱ्याचा विस्तार वाढला, वर्तुळाच्या कडा पूर्वीसारख्या नेमक्या राहिल्या नाहीत. त्यांतील काही चित्रे दुर्बळ आहेत, हे खरे. काहींत मात्र, कंपासाने आखल्यासारखी वाटणारी ती जुनी निश्चिती गेल्यामुळे, वर्तुळ पूर्ण होईल की नाही अशी शंका पाहणाऱ्याला येते. ब्रश एका टोकाकडून निघतो, थोडा ढळतो, सावरतो आणि निघाल्या जागेच्या किंचित बाहेर येऊन टेकतो. पंचतत्त्वांच्या सुघड आकृत्यांत बिंदू जो गृहीत धरलेला होता, तो येथे पुन्हा एकदा मिळवावा लागत आहे.